जहाजाच्या तळाला चिकटणारा समुद्र

१. तळ लाल का असतो?

जहाज कोरड्या गोदीत घेतले की त्याचे दोन भाग ठळक वेगळे दिसतात. वरचा भाग पांढरा, निळा, करडा, म्हणजे मालकाच्या पसंतीचा. एरवी पाण्यात बुडालेला खालचा भाग मात्र बहुतेक वेळा विटकरी लाल. हे पाहणारा माणूस हमखास विचारतो, की तळाला लालच रंग का लावतात? गंज दिसू नये म्हणून का? शिरूर किंवा दौंडकडचा वाचक याला जोडून आणखी एक प्रश्न विचारतो. आमच्याकडे घोड आहे, भीमा आहे, उजनीचा फुगवटा आहे, पण जहाज नाही. त्याच्या तळाच्या रंगाशी आमचे काय देणेघेणे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तो लाल रंग बहुतेकदा क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचा असतो, आणि तो विष म्हणून लावलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाला हे सगळे प्रकरण लागेल. रांजणगावच्या कारखान्यांतले कंटेनर न्हावा शेव्याला जहाजावर चढतात, एवढ्यापुरतेच हे नाते नाही. जहाजाच्या तळाला लावली जाणारी रसायने आणि आपल्या शेतांत फवारली जाणारी रसायने पुष्कळदा एकाच कुळातली आहेत, आणि समुद्राने त्यांच्याबद्दल जे शिकवले ते नदीकाठच्या माणसालाही लागू पडते. या प्रकरणाचा मुद्दा आधीच मांडून ठेवू. विषारी लेप विरघळल्याखेरीज काम करत नाही आणि विरघळलेले विष परत गोळा करता येत नाही. त्यामुळे निसर्गाला सोसणारा लेप हवा असेल तर आणखी सौम्य विष शोधत बसून भागणार नाही. जीव मुळात चिकटू नये, आणि चिकटलाच तर सहज निघून यावा, असा पृष्ठभाग घडवावा लागेल.

२. चिकटते काय आणि कसे?

ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला या गोष्टीचा पहिला टप्पा ठाऊक असतो. कालव्याचे किंवा नदीचे पाणी काही आठवडे लॅटरलमधून फिरले की नळीच्या आतून बुळबुळीत थर धरतो, ड्रिपर तुंबतात, आणि क्लोरीन किंवा ॲसिड सोडून नळ्या धुवाव्या लागतात. हा थर नुसत्या गाळाचा नसतो. पाण्यातले जिवाणू पृष्ठभागावर बसतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ स्रवतात आणि त्यात मातीचे कण नि शेवाळ अडकत जाते. या थराला जैवपटल म्हणतात. जहाजाच्या तळावर सुरुवात अशीच होते. स्वच्छ पत्रा समुद्रात बुडवला की काही मिनिटांत पाण्यातली प्रथिने आणि तत्सम पदार्थ त्यावर पातळ लेप धरतात. काही तासांत जिवाणू येतात, काही दिवसांत डायटम नावाची एकपेशीय शेवाळे येतात. समुद्रात यांच्या मागोमाग कवचाचे प्राणी येतात, आणि खरी पंचाईत त्यांची असते.

त्यांतला सर्वांत चिवट प्राणी म्हणजे बार्नॅकल. खडकांवर, धक्क्यांच्या खांबांवर जे पांढरट, धारदार, छोट्या शंकूसारखे दिसते ते हेच. दिसायला शिंपल्यासारखा असला तरी हा प्राणी खेकडा आणि कोळंबी यांच्या नात्यातला आहे. अंड्यातून बाहेर पडलेले त्याचे पिल्लू, म्हणजे डिंभ, पाण्यात तरंगत सहा अवस्थांतून वाढते आणि मग एका विचित्र अवस्थेत शिरते. या अवस्थेत ते काही खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगत ते फक्त घर शोधते. डोक्यावरच्या दोन स्पर्शिकांवर चालत ते पृष्ठभाग तपासते, पसंत नसेल तर पुन्हा पोहत निघून जाते, आणि पसंत पडला तर डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचे चिकटवून घेते. यापुढचे आयुष्य उलटे, एकाच जागी, पाय पाण्यात हलवून अन्न ओढण्यात जाते. त्याचा डिंक प्रथिनांचा असतो आणि पाण्याखाली घट्ट होतो. ओल्या पृष्ठभागावर माणसाने केलेले बहुतेक डिंक हार मानतात, हे लक्षात घेतले तर या इवल्या जिवाचे कसब कळते. मुंबई आणि गोव्याच्या बंदरांत ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्राइट ही बार्नॅकलची जात सर्रास आढळते.

या वर्णनातली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे. बार्नॅकल जागा निवडतो. ज्याला निवड आहे त्याला नकार द्यायलाही लावता येते.

३. पातळ थराचा मोठा खर्च

जहाज पुढे सरकताना त्याची बरीच शक्ती तळाला घासणाऱ्या पाण्याचा विरोध मोडण्यात जाते. तळ खडबडीत झाला की हा विरोध वाढतो. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका फ्रिगेट युद्धनौकेसाठी याचा हिशेब मांडला. १५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरचा वेग राखायचा तर नुसत्या दाट बुळबुळीत थरामुळे २१ टक्के जास्त शक्ती लागते. कवचाच्या प्राण्यांचा जाड थर असेल तर ८६ टक्के. म्हणजे जवळजवळ दुपटीच्या घरात.

एक लहानसे गणित करू. एखादे जहाज रोज ५० टन इंधन जाळते असे धरा. थरामुळे खर्च फक्त १० टक्क्यांनी वाढला तरी रोज ५ टन इंधन जादा लागले. एक टन जड इंधन जळाले की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे रोज साडेपंधरा टन. पंधरा दिवसांच्या एका प्रवासात ही भर २३० टनांच्या वर जाईल. म्हणून समुद्रात विष नको, तर तळाला काहीच लावू नका, असे म्हणणे निसर्गाच्या बाजूचे वाटले तरी तसे नाही. माखलेला तळ हवा बिघडवतो. विषारी तळ पाणी बिघडवतो. या पेचातून वाट काढायची आहे.

४. तांब्याने शिकवलेला धडा

लाकडी जहाजांच्या काळात डांबर, शिसे, चुना आणि तेल घोटून केलेले लेप असे पुष्कळ उपाय वापरात होते. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला आणि वीसेक वर्षांत बहुतेक सगळा ताफा तांब्याने मढवला. तांब्याचा पत्रा हळूहळू विरघळतो आणि त्याच्या पृष्ठभागालगत तांब्याचे प्रमाण इतके राहते की डिंभाला तिथे टिकता येत नाही. हे तंत्र मुंबईलाही पोहोचले. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या जात; त्यांतली १८१७ ची 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपून ठेवलेली आहे. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे 'जावा' ही ब्रिटिश फ्रिगेट अमेरिकी नौकेकडून पराभूत झाली, तेव्हा तिच्यावर मुंबईत बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या जहाजासाठी निघालेले तांबे होते. अर्ध्या पृथ्वीचा फेरा घालून तांबे आणण्याइतकी त्याची किंमत तेव्हा वाटत होती.

अडचण लवकरच दिसली. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना लागून राहिले की लोखंड झपाट्याने झिजते. 'अलार्म'च्या तळातले लोखंडी खिळे असेच खाल्ले गेले. पुढे खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे केले गेले, पण तांब्याच्या पत्र्याची झीज चालूच होती. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने तिच्यावर सुंदर उपाय सुचवला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा. तो तुकडा झिजेल आणि तांबे वाचेल. उपाय बरोबर होता. तांबे खरोखरच झिजायचे थांबले. आणि थोड्याच काळात त्या न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ नि बार्नॅकल भरभरून वाढले, इतके की नौदलाला ते तुकडे काढून टाकावे लागले.

डेव्हीची फजिती म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, पण त्याची खरी किंमत वेगळी आहे. तांबे तिथे असून उपयोग नसतो, ते विरघळावे लागते, हे त्याने निर्विवाद दाखवले. जे पाण्यात जात नाही ते मारत नाही. त्यानंतरच्या दोनशे वर्षांतला प्रत्येक विषारी लेप याच नियमाने बांधलेला आहे.

५. अडीच एकरांवर रोजची फवारणी

तांबे तर निसर्गातच असते, जिवांना थोडे लागतेही, मग एवढी काळजी कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे.

कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१८ पासून करमणुकीच्या बोटींच्या रंगातून तांबे किती सुटावे यावर मर्यादा घातली: दर चौरस सेंटिमीटरला दिवसाला साडेनऊ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्यामुळे आकडा नगण्य वाटतो. आता पाण्याखाली दहा हजार चौरस मीटर तळ असलेले मोठे मालवाहू जहाज घ्या. दहा हजार चौरस मीटर म्हणजे एक हेक्टर, आपल्या भाषेत अडीच एकर. एका हेक्टरात दहा कोटी चौरस सेंटिमीटर असतात. त्या बोटींच्याच दराने या जहाजातून तांबे सुटले, तर ते दिवसाला ९५० ग्रॅम भरते.

हे जास्त की कमी, हे डाळिंब किंवा द्राक्ष पिकवणारा चटकन सांगू शकेल. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. हेक्टरी पाचशे लिटर फवारले तर पाच किलो मोरचूद लागले, आणि मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते, म्हणजे सव्वा किलो. तेव्हा आपले काल्पनिक जहाज आपल्या अडीच एकर तळावर दर चार दिवसांत बोर्डोच्या तीन फवारण्या करते, बाराही महिने, पावसात नि उन्हात. वर्षाचे तांबे साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. युरोपात सेंद्रिय शेतीला तांबे वापरायची जी मर्यादा आहे ती सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शेतातले तांबे शेतातच साठते, जहाजाचे तांबे महासागरभर पांगते, आणि खोल समुद्रात ते जाणवतही नाही. खरे आहे. परंतु जहाजे उभी राहतात ती बंदरात, आणि बंदर म्हणजे मुद्दाम शांत ठेवलेले, कमी हलणारे पाणी. शिवाय तांबे हे मूलद्रव्य आहे. उन्हाने ते तुटत नाही, जिवाणू ते पचवत नाहीत. पाण्यातून गेले तर गाळात बसते, आणि गाळ उपसला की पुन्हा वर येते. सॅन डिएगोच्या शेल्टर आयलंड नावाच्या बोटींच्या खाडीत पाण्यातले तांबे इतके वाढले की २००५ मध्ये ते कमी करण्याचा सरकारी आराखडा करावा लागला. तिथे कारखाना नव्हता. मुख्य उगम बोटींच्या तळांचा रंगच होता.

६. कथिलाचे संयुग आणि उजनीतले तीन किलो

१९६० च्या दशकात तांब्याहून कितीतरी प्रखर असे विष हाती आले. ट्रायब्युटिलटिन, थोडक्यात टीबीटी: कथिलाच्या अणूला कार्बनच्या तीन साखळ्या जोडलेले संयुग. पुढच्या दशकात ते रंगाच्या रेणूतच रासायनिक रीतीने गुंफण्याची युक्ती निघाली. समुद्राच्या पाण्याने रंगाचा वरचा थर थोडा थोडा विरघळतो, विष सुटते आणि खालून ताजा, गुळगुळीत थर उघडा पडतो. वापरता वापरता साबणाची वडी झिजावी तसा हा लेप झिजत राहतो आणि शेवटच्या दिवसापर्यंत सारखेच काम करतो. जहाजमालक खूश होते. पाच वर्षे तळाकडे पाहावे लागत नव्हते.

फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची मोठी शेती आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कालवांची पिल्ले जगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली. किनाऱ्याला बोटींची गर्दी होती. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींना टीबीटी बंद केले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तर आणखी विपरीत दिसले. समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटत होते, अंडी बाहेर पडायचा मार्ग बंद होत होता आणि एकेका खडकावरची वस्ती संपत होती. संशोधकांनी १९८० च्या दशकात याचे कारण टीबीटीपर्यंत नेऊन भिडवले. एक लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग, एवढ्या प्रमाणातही परिणाम दिसत होता.

नॅनोग्रॅम डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून तो उजनीत मोजू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. लिटरला एक नॅनोग्रॅम या हिशेबाने एका टीएमसीला २८ ग्रॅम पुरतात. उजनी काठोकाठ भरली की तिच्यात ११७ टीएमसी पाणी असते. दौंडच्या खालपासून भीमानगरच्या भिंतीपर्यंतच्या त्या सगळ्या पाण्यात हे प्रमाण गाठायला सव्वातीन किलोच्या आसपास टीबीटी पुरेल. एका माणसाला पिशवीत सहज नेता येईल एवढे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी अशा लेपांवर बंदी घालणारा करार मंजूर केला आणि तो १७ सप्टेंबर २००८ रोजी लागू झाला. शोध लागण्यापासून बंदी अमलात येण्यापर्यंत एक पिढी उलटली, आणि तोवर आपला किनाराही सुटला नव्हता. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या भोसले आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे पाणी, जैवपटल, प्राणी आणि गाळ या चारही ठिकाणी ब्युटिलटिन सापडल्याचे प्रसिद्ध केले. भारताने २०१४ मध्ये व्यापारी जहाज कायद्यात दुरुस्ती करून हानिकारक लेपांवरील नियंत्रणाचे स्वतंत्र प्रकरण घातले.

७. लवकर नष्ट होणारे विष चालेल का?

टीबीटी गेल्यावर तांबे परत आले, पण एकटे नाही. शेवाळांच्या काही जाती तांब्याला दाद देत नाहीत, म्हणून त्याच्या जोडीला दुसरी रसायने घातली गेली. त्यांतले सायब्युट्रिन हे ट्रायझीन कुळातले. ऊस लावणाऱ्याला याच कुळातले ॲट्राझीन चांगले माहीत आहे. दोघांचे काम एकच: वनस्पतीची प्रकाशातून अन्न करण्याची क्रिया अडवायची. उसात ते तण मारते. समुद्रात मात्र तण आणि पीक असा भेदच नाही. किनाऱ्यालगतचे सागरी गवत आणि पाण्यातली अन्नसाखळी पेलणारी सूक्ष्म शेवाळे यांनाही ते तितकेच लागते. १ जानेवारी २०२३ पासून जहाजांना सायब्युट्रिनचा लेप लावायला जगभर बंदी आहे.

यावर रसायनशास्त्रज्ञांचे उत्तर असे, की मग लवकर तुटणारे विष वापरू. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानते, कारण त्यामागे खरी प्रगती आहे. डीसीओआयटी नावाचे संयुग समुद्राच्या पाण्यात साधारण एका दिवसात निम्मे होते, आणि त्याला १९९६ मध्ये अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टीबीटीच्या तुलनेत ते निःसंशय बरे. पण गणित पाहा. एका बंदरात जहाजांच्या तळांतून रोज शंभर भाग विष पडते आणि रोज निम्मे नष्ट होते, असे धरू. पहिल्या दिवशी १०० भाग. दुसऱ्या दिवशी उरलेले ५० अधिक नवे १००, म्हणजे १५०. तिसऱ्या दिवशी ७५ अधिक १००, म्हणजे १७५. आकडा वाढत वाढत दोनशेजवळ स्थिरावतो आणि तिथून हलत नाही. एखादे जहाज येऊन गेले तर विष खरोखर संपते. जिथे जहाजांची रांग कधी तुटत नाही अशा बंदरात ते सतत असतेच. आजचे विष कालच्याहून वेगळे आहे, याने तिथल्या माशाच्या अंड्याला काही फरक पडत नाही.

मेडेटोमिडिन हे यातले सर्वांत हुशार रसायन म्हणावे लागेल. मुळात ते जनावरांना गुंगी आणणारे औषध. स्वीडनमधल्या संशोधनातून कळले, की अगदी थोड्या मात्रेत ते बार्नॅकलच्या डिंभाला उलट अस्वस्थ करते. डिंभ पाय झाडत राहतो, बसत नाही, निघून जातो. मारण्यापेक्षा हाकलणे हे पुढचे पाऊल खरेच. तरीही ते पाण्यात सुटल्याखेरीज काम करत नाही, आणि शिंपले नि शेवाळांसाठी दुसरे काही लागतेच.

८. पकड न मिळणारा पृष्ठभाग

आता बार्नॅकलच्या निवडीकडे वळू. डिंक पकड घेतो तो दोन कारणांनी: तो पृष्ठभागावर नीट पसरतो, आणि पृष्ठभाग कडक असल्याने ओढ लागली तरी जागचा हलत नाही. सिलिकोनचा लेप ही दोन्ही कारणे काढून घेतो. त्यावर द्रव पसरायला नाखूश असतात, आणि तो रबरासारखा मऊ असतो. त्यावर बार्नॅकल बसतो, वाढतोही, पण त्याची पकड इतकी कच्ची असते की जहाजाने वेग घेतला की पाण्याचा प्रवाह कडेकडेने सोलत त्याला काढून टाकतो. पाण्यात विष सोडायची गरजच राहत नाही. असे लेप १९९० च्या दशकाअखेरीपासून व्यापारी जहाजांवर आहेत.

दुसरी वाट पृष्ठभागाच्या पोताची. शार्कची कातडी स्वच्छ राहते, याकडे पाहून फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांनी अमेरिकी नौदलाच्या मदतीने दोन मायक्रोमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्यांची नक्षी तयार केली. प्रयोगशाळेत तिच्यावर हिरव्या शेवाळाची बीजुके बसण्याचे प्रमाण गुळगुळीत पृष्ठभागाच्या मानाने सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. बीजुकाला टेकायला सपाट जागाच मिळत नाही. मात्र अशी नक्षी हेक्टरभर पोलादावर उठवणे आणि पाच वर्षे टिकवणे हे काम अजून बाकी आहे, आणि वेगवेगळ्या आकारांच्या जिवांना वेगवेगळी नक्षी लागते.

सिलिकोनच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. धक्क्याला घासले किंवा नांगराची साखळी लागली की तो फाटतो. डायटमचा बुळबुळीत थर त्यावरही घट्ट बसतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की त्याला वेग लागतो. सुरुवातीच्या लेपांना १५ नॉटच्या आसपास वेग हवा असे; नवे लेप कमी वेगात चालतात, पण उभ्या जहाजावर कोणताच लेप स्वतःहून स्वच्छ होत नाही.

९. 'मग विषच बरे' म्हणणाऱ्यांना

इथे जाणकार आक्षेप घेणारा म्हणेल, की सिलिकोन महाग, नाजूक आणि उभ्या जहाजाला निरुपयोगी. त्यापेक्षा तांबे लावा, इंधन वाचवा, हवामानाचे भले करा. महागाईच्या तक्रारीचे खरे कारण वेगळेच असते. जहाज भाड्याने दिले की पुष्कळ करारांत इंधनाचे पैसे भाडेकरू भरतो आणि लेपाचे मालक. चांगल्या लेपाने वाचलेले पैसे ज्याने तो लावला त्याला मिळतच नाहीत. हा दोष कराराचा आहे, लेपाचा नाही.

आक्षेपाचा गंभीर भाग इंधनाचा नसून परक्या जिवांचा आहे. तळाला चिकटलेले जीव एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात. भीमेतली जलपर्णी आणि उजनीतली चिलापी पाहणाऱ्यांना परका जीव एकदा रुजला की काय होते हे सांगायला नको. मुंबईत मायटिलॉप्सिस सॅली नावाचा दोन-तीन सेंटिमीटरचा शिंपला आहे. तो मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा. भारतात तो आधी विशाखापट्टणमला दिसला, आणि करंदे व मेनन यांनी १९७५ मध्ये भारतीय बंदरांतला नवा पाहुणा म्हणून त्याची नोंद केली. गोडसर पाण्यापासून पुऱ्या खाऱ्या पाण्यापर्यंत तो सगळे सोसतो, म्हणून पावसाळ्यातही टिकतो. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बोटींच्या तळ्यांत सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने तळ्यांचे दरवाजे बंद करून आत क्लोरीन आणि मोरचूद ओतले आणि सगळेच जीव मारून त्याचा नायनाट केला. दरवाजे होते म्हणून ते जमले. मुंबईच्या उघड्या खाडीला दरवाजा नाही.

यातून विषाची बाजू बळकट होते असे वाटेल. पण हा शिंपला मुंबईला पोहोचला तो तांब्याचे आणि इतर विषारी लेप सर्रास वापरात असतानाच. सुकाणूच्या खाचा, पाणी आत घेण्याच्या जाळ्या, गोदीत जहाज ज्या ठोकळ्यांवर टेकते तिथले लेप न पोहोचलेले चौकोन, अशा जागी जीव वाढतातच. तिथे विषापेक्षा निगाच कामी येते. कोकणातले कोळी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडतात आणि नवा लेप देतात, म्हणजे हातांनी साफ करणे हा या कामाचा अर्धा भाग पूर्वीपासून आहेच. मोठ्या जहाजांसाठी हेच काम पाण्याखाली फिरणारी ब्रशची यंत्रे करू लागली आहेत. इथे लेपाची निवड निर्णायक ठरते. तांब्याचा लेप घासला तर तांब्याचा लोंढा सुटतो. विष नसलेला कडक किंवा मऊ लेप थर धरण्याआधीच हळुवार घासता येतो, आणि निघालेला कचरा शोषून वर घेता येतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२३ च्या सुधारित मार्गदर्शनात अशी वेळच्या वेळी तपासणी आणि सफाई यांवर भर आहे.

१०. परीक्षा कोणत्या पाण्यात घ्यायची?

युरोपच्या उत्तर किनाऱ्यावर थंडीत डिंभ बसायचे जवळजवळ थांबतात, तळाला विसावा मिळतो. मुंबईला तो नाही. पाणी बारा महिने उबदार, प्रजनन बारा महिने, आणि पावसाळ्यात खारटपणा अचानक उतरून गाळ वाढतो. झिजणारा लेप किती वेगाने झिजेल हे तापमान आणि खारटपणा यांवर ठरते, त्यामुळे थंड समुद्रात पाच वर्षांचा ठरलेला लेप इथे तेवढा पुरेलच असे नाही. लेपावरचा 'पर्यावरणस्नेही' हा शिक्का म्हणूनच अपुरा आहे. तो लेप कोणत्या पाण्यात, किती महिने, उभ्या की चालत्या पट्टीवर तपासला, हे विचारले पाहिजे. पट्ट्या मुंबईच्या गोदीत आणि मार्मागोव्यात वर्षभर, पावसाळ्यासकट बुडवून ठेवायच्या. दर महिन्याला काय बसले ते मोजायचे. बसलेला बार्नॅकल ढकलून काढायला किती जोर लागतो ते मोजायचे. आणि पाण्यात काय सुटले ते मोजायचे. यासाठी लागणारी माणसे आपल्याकडे आहेत. १९५३ मध्ये मुंबईत सुरू झालेली नौदलाची प्रयोगशाळा आज अंबरनाथला समुद्रात टिकणाऱ्या पदार्थांवर काम करते, आणि दोना पावलाच्या संस्थेने बार्नॅकलच्या डिंभांवर दशकानुदशके अभ्यास केला आहे.

या पुराव्यावरून निवड करायची तर ती जहाजाच्या कामावरून करावी लागेल. न्हावा शेव्याहून निघून वेगाने समुद्र ओलांडणाऱ्या कंटेनर जहाजांना सिलिकोन आजच परवडतो. त्यांच्या तळावर तांबे ठेवण्याचे कारण उरलेले नाही. बंदरातच वावरणारे टग, ड्रेजर, बार्ज आणि महिनोन्‌महिने धक्क्याला राहणाऱ्या नौका यांना वेगाचा आधार नाही, आणि नेमकी हीच जहाजे कमी हलणाऱ्या पाण्यात सर्वांत जास्त काळ विष सोडतात. त्यांच्यासाठी कडक, विषरहित इपॉक्सी लेप आणि दर थोड्या आठवड्यांनी कचरा शोषून घेणारी सफाई हा मार्ग बंदरानेच उपलब्ध करून द्यायला हवा, जसे ते पाणी आणि वीज देते. अशी सोय उभी राहीपर्यंत तांबे वापरले जाईल, पण ते कोणत्या तारखेपर्यंत, हे परवान्यातच लिहिलेले असावे.